गेटच्या पुढे काय आलंय ते बघ

वाचकाचं पत्र

बाई, नमस्कार. आमचा तारकर्लीत होमस्टे आहे, चार खोल्या आणि घरचं जेवण. मिस्टर बोटीचं बघतात आणि पाहुण्यांचं सगळं माझ्याकडे. माझी शाळा मराठी मीडियम, दहावीपर्यंत. इंग्लिश मी पाहुण्यांकडूनच शिकले आणि बऱ्यापैकी निभावते, पण एक शब्द काही केल्या हाताला लागत नाही, तो म्हणजे गेट. डिक्शनरीत मिळणे, मिळवणे असं दिलंय आणि पाहुणे तर तो कुठेपण वापरतात. गेल्या सीझनला बाहेरच्या देशातलं एक जोडपं होतं, निघायच्या दिवशी तो मला म्हणाला, "वी हॅव गॉट टू गेट गोइंग, कॅन यू गेट समवन टू गेट अवर बॅग्ज?" माका कायच समजाक नाय. नुसती हसले. शेवटी मुलीने येऊन बॅगांसाठी माणूस बोलावला. मला फार लाज वाटली. मुलगी बारावीला आहे, तिच्या टीचर म्हणतात निबंधात गेट वापरायचंच नाही. मग खरं काय? आणि खोल्यांत लावायला मी एक पाटी केलीय, "हॉट वॉटर गेट्स इन मॉर्निंग, डिनर गेट्स एट पीएम." छापू का? मी लहान आहे तुमच्यापेक्षा, अगंतुगं केलंत तरी चालेल.

— तारकर्लीची एक वाचक

उत्तर

पाटी अजून छापायला दिली नसशील तर जरा थांब, ती आपण पुढे नीट करू. आधी त्या माणसाचं वाक्य घेऊया, कारण त्याने एका दमात चार वेळा तो शब्द वापरला आणि चारही वेळा त्याचं काम वेगळं होतं, त्यामुळे तू गडबडलीस यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही, इंग्लिश मीडियमच्या पोरांनापण असलं वाक्य पहिल्या फटक्यात कळेलच असं नाही. "वी हॅव गॉट टू" म्हणजे आम्हाला करावं लागणार. "गेट गोइंग" म्हणजे निघायला लागणे. "गेट समवन टू" म्हणजे कुणाला तरी सांगून करून घ्या. आणि शेवटचं "गेट अवर बॅग्ज" म्हणजे बॅगा आणा. सगळं मिळून तो बिचारा एवढंच म्हणत होता की आम्हाला आता निघायला पाहिजे, कुणाला तरी बॅगा आणायला सांगाल का.

आता बघ, या चारमध्ये डिक्शनरीतलं "मिळणे" कुठे आहे? कुठेच नाही. डिक्शनरी खोटी नाही गं, पण तिने तुला एकच दार दाखवलं. गेट हा शब्द एकटा असताना त्याला स्वतःचा असा अर्थ फार थोडा असतो, त्याच्या शेजारी जे येऊन बसतं त्यावरून त्याचा अर्थ ठरतो. म्हणून माझा सल्ला सुरुवातीलाच सांगून टाकते, गेटचा अर्थ पाठ करू नकोस, गेट ऐकू आलं की कान पुढच्या शब्दाकडे लाव. पुढे वस्तू आली, जागा आली, माणूस आला की "हंग्री"सारखा शब्द आला, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

हे तुला अवघड वाटायचं कारणच नाही, कारण असलंच एक क्रियापद तू दिवसभर बिनदिक्कत वापरतेस. लागणे. भूक लागते, बोट लागते (हे तर तुमच्याकडे रोजचं, सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाताना समुद्र जरा हलला की एखाददुसऱ्या पाहुण्याला लागतेच), मुलाला नोकरी लागते, कुडाळला जायला तास लागतो, वाटेत पाऊस लागतो, कलमाला आंबे लागतात, सोलकढी आंबट लागते, पोर रडायला लागतं, मनात नसताना कुठेतरी जावं लागतं, आणि तो तुमचा कोण लागतो असंपण आपण विचारतो. उद्या तुझ्या पाहुणीने विचारलं की लागणे म्हणजे काय, तर तू काय सांगशील? तू म्हणशील की बाई, अख्खं वाक्य सांग, मग सांगते. बरोबर ना? गेटचं तेच. फरक इतकाच की मराठीत क्रियापद शेवटी येतं म्हणून आपण मागे बघतो, इंग्लिशमध्ये ते आधी येतं म्हणून पुढे बघायचं.

आणि गंमत म्हणजे हे दोन शब्द कित्येक ठिकाणी एकमेकांच्या जागी चपखल बसतात. नोकरी लागली, गॉट अ जॉब. भूक लागली, गॉट हंग्री. बोट लागली, गॉट सीसिक. गप्पा मारायला लागलो, गॉट टॉकिंग. जावं लागेल, हॅव गॉट टू गो. मला तर शाळेत शिकवताना नेहमी वाटायचं की गेटचा धडा मिळणेवरून सुरू करण्यापेक्षा लागणेवरून केला तर पोरांना लवकर उमगेल.

आता पुढे वस्तू आली की काय होतं ते बघू, आणि तुझी पाटी इथेच येते. गेटच्या पुढे वस्तू असेल तर अर्थ मिळणे किंवा आणणे. तुमच्या मालवणीत यासाठी मिळणेपेक्षाही नेमका शब्द आहे, गावणे. बांगडे गावले, एसटी गावली, मोबाईलाक रेंज गावणा नाय. या तिन्ही ठिकाणी इंग्लिश माणूस डोळे मिटून गेट म्हणेल, वी गॉट मॅकरल, वी गॉट द बस, आय कान्ट गेट नेटवर्क. फक्त एक गोष्ट उलटी होते आणि आपले लोक नेमके तिथे घसरतात. "माका बांगडे गावले" म्हणताना गावण्याचं काम बांगडे करतात, मी बाजूला, "माका" म्हणून उभी. इंग्लिशमध्ये मी पुढे येते, आय गॉट मॅकरल. ज्याला मिळतं तो माणूस आधी आणि मिळालेली वस्तू नंतर. तुझ्या पाटीत "सकाळी गरम पाणी मिळेल" हे जसंच्या तसं उतरलंय, म्हणून पाणी पुढे गेलं आणि वाचणाऱ्याला वाटतं की गरम पाण्याला काहीतरी मिळतंय किंवा त्याचं काहीतरी होतंय, पण काय ते लिहायचं राहिलं. कारण "द वॉटर गेट्स हॉट" हे वाक्य बरोबर आहे पण त्याचा अर्थ पाणी तापतं असा होतो, आणि "द रूम गेट्स हॉट इन मे" म्हणजे मे महिन्यात खोली तापते. तुला यातलं काहीच म्हणायचं नाहीये. तेव्हा गेट ठेवायचंच असेल तर "यू विल गेट हॉट वॉटर फ्रॉम सिक्स टू नाइन इन द मॉर्निंग" असं लिही, वेळ तुझी तू घाल. पण पाटीवर एवढं लांबण कशाला, सरळ "हॉट वॉटर, सिक्स टू नाइन ए एम" लिही. आणि जेवणाचं "डिनर इज सर्व्ह्ड ॲट एट पी एम." यात गेट नाहीच आणि बिघडत काहीच नाही.

वस्तूच्या बाबतीत होमस्टेवालीने कान देऊन ऐकायची अजून एक जोडी आहे. पाहुणा म्हणाला "कॅन आय गेट अ कॉफी?" तर तो स्वतः जाऊन कॉफी आणू का असं विचारत नाहीये, तो कॉफी मागतोय, मला एक कॉफी मिळेल का. त्याला किचन दाखवू नकोस, कॉफी दे. आणि तू त्याला विचारायचं असेल तर मध्ये "यू" टाक, "कॅन आय गेट यू अ कॉफी?" म्हणजे तुमच्यासाठी कॉफी आणू का. हा एक "यू" राहिला तर तूच त्याच्याकडे कॉफी मागितल्यासारखं होतं. म्हणजे गेटच्या पुढे आधी माणूस आणि मग वस्तू आली की अर्थ आणून देणे. "कुड यू गेट मी अ टॉवेल?" म्हणजे मला टॉवेल आणून द्याल का. हे तू रोज ऐकत असणार.

तसंच "आय विल गेट इट". कुणी हे म्हणालं तर आजूबाजूला काय चाललंय ते बघ. फोन वाजत असेल तर मी घेतो. दारावर टकटक झाली तर मी बघतो. चमचा खाली पडला तर मी उचलतो. आणि जेवणं झाली, सगळं टेबल हिशोबाची वाट बघतंय आणि त्यातला एकजण हात पुढे करून म्हणतो "आय विल गेट धिस" तर सगळ्यांचे पैसे तो देणार आहे, बिल त्याच्याच हातात दे, माणशी वेगळं करत बसू नकोस.

पुढे गुण सांगणारा शब्द आला, वेट, टायर्ड, डार्क, लेट, रफ, तर अर्थ होणे. म्हणजे आधी तसं नव्हतं आणि आता तसं झालं किंवा होत चाललंय. "इट इज डार्क" म्हणजे अंधार आहे, "इट इज गेटिंग डार्क" म्हणजे अंधार पडत चाललाय. हा फरक तुझ्या फार उपयोगाचा आहे, कारण समुद्राकाठी पाहुण्यांना सूचना द्यायच्या त्या सगळ्या याच जातीच्या. "इट गेट्स डार्क बाय सेवन, प्लीज कम बॅक बिफोर दॅट." "द रॉक्स गेट स्लिपरी." आणि मे संपताना कुणी जूनच्या बुकिंगसाठी फोन केला आणि किल्ल्याचं विचारलं तर "द सी गेट्स रफ इन जून, सो द बोट्स टू द फोर्ट स्टॉप." दर्या खवळतो म्हणून बोटी बंद, आणि जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते तेपण सांगून टाक, नाहीतर मासे खायला म्हणून आलेला माणूस नाराज होतो.

आता सगळ्यात काळजीचं. पुढे स्टंग, हर्ट, लॉस्ट, स्टक, बर्न्ट असले शब्द आले तर त्या माणसाबरोबर काहीतरी घडलंय, बहुतेक वेळा नको ते. "माय वाइफ गॉट स्टंग" म्हणजे बायकोला काहीतरी डसलं, जेलीफिश असेल, गांधीलमाशी असेल. "वी गॉट लॉस्ट", वाट चुकलो. "द कार गॉट स्टक इन द सँड", गाडी वाळूत रुतली. यात गॉट मॅरिड, गॉट सिलेक्टेड अशा चांगल्या गोष्टीपण येतात, पण किनाऱ्यावर धावत आलेला पाहुणा गॉट म्हणाला की पुढचा शब्द नाही कळला तरी हातातलं काम टाक आणि त्याच्याबरोबर जा. "ही गॉट कॉट इन द करंट" हे वाक्य मात्र नीट ओळखायला शिक, पाठ कर, मिस्टरांना आणि बोटीवरच्या पोरांनापण शिकव. त्याचा अर्थ माणूस पाण्याच्या ओढीत सापडलाय, आणि तिथे अर्थ लावत बसायला वेळ नसतो.

पुढे जागा आली तर पोहोचणे, यात फार काही नाही. "हाऊ डू वी गेट टू द फोर्ट?" म्हणजे किल्ल्यावर कसं जायचं. सिंधुदुर्ग कुरटे बेटावर आहे, महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतला तेव्हापासून तिथे जायचं तर होडीच, तेव्हा "यू कॅन ओन्ली गेट देअर बाय बोट, फ्रॉम मालवण जेटी" एवढं बस्स. एक बारीकसं लक्षात ठेव, जागेचं नाव आलं तर मध्ये "टू" लागतो, गेट टू मालवण, गेट टू द स्टेशन, पण हिअर, देअर आणि होम यांच्याआधी तो लागत नाही. कुडाळ स्टेशनहून किंवा चिपी विमानतळावरून कुणी फोन केला तर "हाऊ डू वी गेट देअर?" असंच विचारणार. आणि "वी विल गेट इन लेट" म्हणजे आम्ही उशिरा पोहोचू, जेवण झाकून ठेव.

याच "गेट टू"च्या पुढे जागेऐवजी काम आलं तर मात्र करायला मिळणे. "डिड यू गेट टू सी द डॉल्फिन्स?" डॉल्फिन बघायला मिळाले का. आपल्या मराठीतपण हुबेहूब तसंच आहे, म्हणून हे लगेच बसेल तोंडात. सकाळी बोटीवरून परत आलेल्या पाहुण्यांना हे विचार, खुश होतात लोक.

चढणं उतरणं हा होमस्टेच्या आणि बोटीच्या धंद्यातला मोठा भाग, त्यामुळे इथे थोडं थांबते. बस, ट्रेन, मोठी बोट, विमान, जिथे आत उभं राहून चालता येतं तिथे चढणं गेट ऑन आणि उतरणं गेट ऑफ. रिक्षा, कार, लहान होडी, जिथे वाकून आत बसायचं तिथे गेट इन आणि गेट आऊट. हा काही छापील नियम नाही, अंदाजाला चांगला आहे. आता आपल्याकडे सगळे "गेट डाऊन" म्हणतात, कुडाळला गेट डाऊन करा, जेटीवर गेट डाऊन व्हा. भारतभर हे चालतं, मुंबई पुण्याच्या बंगलोरच्या पाहुण्यांना कळतंच, त्यांच्याशी बोलताना बदलायची काही गरज नाही. पण बाहेरच्या माणसाला "गेट डाऊन" असं ओरडून सांगितलं तर त्याच्या कानाला ते "खाली वाक, खाली बस" असं लागतं, कारण डोक्यावर काही येत असेल तर ते लोक तसं ओरडतात. कल्पना कर, बोट जेटीला लागतेय, हलतेय, आपला पोरगा घाईने गेट डाऊन गेट डाऊन करतोय आणि पाहुणा उतरायचं सोडून आपला फळीवर खाली बसतोय, मागचे त्याच्यावर येतायत. त्यापेक्षा "यू कॅन गेट ऑफ नाऊ, वॉच युअर स्टेप" शिकवून ठेव बोटीवरच्यांना. आणि रिक्षातून उतरताना नुसतं "गेट आऊट" म्हणू नये, ते शिव्या दिल्यासारखं होतं, "यू कॅन गेट आऊट हिअर" म्हटलं की ठीक.

दुसऱ्याकडून काम करून घेणं, हे त्या बॅगवाल्या वाक्यात आलं. "गेट" मग माणूस, मग "टू", मग काम. "आय विल गेट माय हसबंड टू टेक यू" म्हणजे मी मिस्टरांना सांगते तुम्हाला न्यायला. माणसाचं नाव महत्त्वाचं नसेल तर वस्तू आधी आणि झालेलं काम नंतर, "आय विल गेट द फॅन रिपेअर्ड", पंखा दुरुस्त करून घेते. आपण मराठीत सरळ "केस कापले", "घर बांधलं" म्हणतो, कापणारा न्हावी आणि बांधणारा गवंडी हे सगळ्यांना कळतं, पण इंग्लिशमध्ये "आय रिपेअर्ड द फॅन" म्हटलं तर तूच स्टुलावर चढून पाना फिरवलास असा अर्थ निघतो.

काही जोडशब्द तुला आल्या आल्या ओळखता आलेच पाहिजेत आणि त्यात पहिला पैशाचा. बुकिंगसाठी फोन करणारा म्हणाला "वी विल गेट बॅक टू यू" तर तो परत येणार आहे असं मुळीच नाही. त्याचा अर्थ विचार करून कळवतो. खोली नक्की झाली असं समजून दुसरं गिऱ्हाईक सोडू नकोस, ॲडव्हान्स आल्याशिवाय तर नाहीच. नुसतं "वी विल गेट बॅक बाय सेवन" असेल तेव्हा सातपर्यंत परत येतो. मध्ये "टू यू" आलं की कळवणं, नाही आलं की परत येणं. मग "हाऊ डू वी गेट अराउंड हिअर?" म्हणजे इथे फिरायला गाडीबिडी काय मिळते. "गेट रिड ऑफ" म्हणजे घालवणे, मुंग्या घालवा म्हणणारा पाहुणा हेच म्हणणार. "गेट यूज्ड टू" म्हणजे सवय होणे. "गेट अप" उठणे, जरी आपण दशावतारातल्या संकासुराचा गेटअप म्हणतो तेव्हा वेश म्हणत असलो तरी, आणि बॅचचं गेट-टुगेदर तर तुला माहीतच आहे. आणि तू पत्रात लिहिलंस ना की इंग्लिश बऱ्यापैकी निभावते, त्याला तंतोतंत वाक्य आहे, "आय गेट बाय."

समजण्यासाठीपण गेटच. "आय डोन्ट गेट इट", मला नाही कळलं. म्हणजे त्या दिवशी हसण्याऐवजी तुला जे वाक्य हवं होतं तेपण गेटनेच झालं असतं, "सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट." हे म्हटलं की समोरचा आपोआप हळू आणि सोप्या शब्दांत बोलतो, त्यात कमीपणा अजिबात नाही, ते लोक एकमेकांनापण दिवसभर हेच म्हणतात. फक्त "आर यू गेटिंग मी?" असं आपल्याकडे विचारतात ते बाहेरच्यांना विचित्र वाटतं, "डिड यू गेट दॅट?" म्हण.

आता ऐकण्याबद्दल. तुला शब्द माहीत असूनही पकडता येत नाही याचं अर्धं कारण त्यांचा उच्चार आहे. ते गेट इट असं तोडून बोलत नाहीत. अमेरिकन माणूस "गेडिट" म्हणतो, गेट ऑफचं "गेडॉफ" होतं, हॅव गॉट टूचं नुसतं "गॉटा" उरतं, आय गॉटा गो. ब्रिटिश लोकांत कितीतरी जण शेवटचा ट घशातच गिळतात. आणि आपण बोलताना उलटी चूक करतो, ए लांबवतो, मग गेटचं फाटक होतं. मिळण्याच्या गेटमधला ए एकदम आखूड, फाटकाच्या गेटमधला लांब. दोन चार वेळा मोठ्याने म्हणून बघ, फरक कळेल.

हा शब्द आला कुठून ते सांगायचा मोह आवरत नाही, कारण तो दर्यावर्दी लोकांचा आहे. नॉर्वे डेन्मार्ककडचे व्हायकिंग होड्या घेऊन इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरायचे, ७९३ साली त्यांनी लिंडिसफार्न बेटावरचा मठ लुटला, आणि पुढे त्यांच्यातले कितीतरी जण इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला घरं करून राहिले, शेती केली, सोयरिकी केल्या. त्यांच्या भाषेत "गेटा" असं क्रियापद होतं, ते तिथल्या बोलण्यात मिसळलं. टेक, स्काय, एग, विंडो आणि अगदी दे हा शब्दपण त्यांच्याकडूनच आलाय. आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीज आले आणि त्यांचे शब्द राहिले, चावी, बादली, पगार, बटाटा, आणि मालवणच्या किनाऱ्यावर रोज पुकारतात तो माशांचा लिलावपण. आईसलंडच्या भाषेत गेटा अजून जिवंत आहे, तिथे त्याचा अर्थ करता येणे, जमणे असा होतो.

गॉट आणि गॉटनचं पण सांगते, कारण अमेरिकन पाहुणे आले की ऐकशील. ब्रिटनमध्ये गेट, गॉट, गॉट. अमेरिकेत "आय हॅव गॉटन यूज्ड टू द हीट" असं गॉटन. ते नवीन खूळ नाही, इंग्लंडमध्येच पूर्वी गॉटन म्हणायचे, तिथे मागे पडलं आणि अमेरिकेत टिकलं, फर्गॉटनमध्ये तर ते अजून सगळीकडे आहे. अमेरिकन लोक दोन्ही वापरतात पण अर्थ वेगळा ठेवतात, "आय हॅव गॉट अ टिकेट" म्हणजे माझ्याकडे तिकीट आहे, "आय हॅव गॉटन अ टिकेट" म्हणजे मी तिकीट मिळवलं. तुला बोलताना गॉट पुरेल.

राहिलं मुलीच्या टीचरांचं. त्यांचं चुकत नाहीये, पण "वापरायचंच नाही" हे मला जास्त कडक वाटतं. गेट चुकीचं नाही, ते बोलण्यातलं आहे. निबंधात, अर्जात, ऑफिसच्या पत्रात त्याच्या जागी नेमका शब्द शोभतो, मिळालं तर रिसीव्ह किंवा ऑब्टेन, झालं तर बिकम, पोहोचलं तर अराइव्ह, समजलं तर अंडरस्टँड. तिने परीक्षेत तेच लिहावं, आणि तो सराव तिला एरवीपण उपयोगी आहे, कारण कुठलं गेट आहे हे ओळखल्याशिवाय त्याच्या जागी दुसरा शब्द घालताच येत नाही. पण संवाद लिहायचा असेल तर गेट खुशाल घालावं, कारण जिवंत माणसं तसंच बोलतात. तूपण ॲडव्हान्स आला की ईमेलवर "वी हॅव रिसीव्ड युअर ॲडव्हान्स" लिही आणि व्हॉट्सॲपवर "गॉट इट, थँक यू" पाठव, दोन्ही आपापल्या जागी छान दिसतात.

आणि हो, मुलीला मध्ये घालणं बंद कर. रागावून सांगत नाहीये. तिची बारावी आहे आणि पाहुणे तुझे आहेत, तू जे चार वाक्यं अडखळत बोलशील त्यातूनच तुझं पुढचं इंग्लिश येणार आहे. किचनच्या कट्ट्यावर एक वही ठेव, पाहुण्याच्या तोंडून गेट ऐकलंस की ते आणि त्याच्या पुढचे दोन शब्द मराठी अक्षरात टिपून ठेव, स्पेलिंगचं टेन्शन घेऊ नकोस, अर्थ रात्री बघ किंवा मुलीला अभ्यासातून उठली की विचार. दिवाळीनंतर पाहुण्यांची गर्दी सुरू होईल, तेव्हा त्या वहीतली जी वाक्यं या उत्तरात कुठेच बसत नाहीत ती मला लिहून पाठव, रापण (किनाऱ्यावरून दोरीने ओढायचं मोठं जाळं) बघायला नेता त्या पाहुण्यांची तर नक्कीच, दोरीला हात लावताना लोक काय काय विचारतात ते मला ऐकायचंय.